चाचणीची चिठ्ठी कोणाच्या हाती?

सरकारी इस्पितळाची पायरी ज्याने एकदा तरी चढली आहे, त्याला ती चिठ्ठी चांगली ठाऊक असते. हाताच्या तळव्याएवढा कागद, त्यावर घाईघाईने ओढलेली चार इंग्रजी अक्षरे, खाली कोणाची तरी सही, आणि रोग्याच्या नावाच्या जागी अर्धेमुर्धे आडनाव. ही चिठ्ठी घेऊन सत्तरीतली एखादी म्हातारी खिडकीपुढच्या रांगेत उभी राहते. खिडकीवर तिला सांगण्यात येते की रक्त घेण्याची वेळ टळली, उद्या उपाशीपोटी या. दुसऱ्या दिवशी ती येते, रक्त देते, आणि तिसऱ्या दिवशी अहवालासाठी पुन्हा कदंबाची बस धरते. अहवाल हाती पडतो तेव्हा ज्या डॉक्टरांनी तो मागविला होता त्यांची त्या दिवशी पाळी नसते. जे पाळीवर असतात ते कागद पाहतात, कपाळाला आठी घालतात आणि म्हणतात, ही चाचणी पुन्हा करून घ्या. हे चित्र आम्ही गोव्याचे म्हणून रेखाटले असले तरी बेळगावच्या, इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या वाचकाला ते परके वाटेल असे नाही.

ही चिठ्ठी कागदावरून संगणकावर न्यावी असा विचार गेली काही वर्षे देशभर बळावला आहे. 27 सप्टेंबर 2021 रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू केले. नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेण्याची मुभा दिली, आणि इस्पितळांप्रमाणे रोगनिदान प्रयोगशाळांनाही त्या व्यवस्थेत नोंद करण्याचा मार्ग खुला केला. बांबोळीपासून तालुक्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत संगणक कमीअधिक प्रमाणात पोहोचलेही आहेत. तेव्हा चाचण्यांची मागणी संगणकातून करावी की करू नये, हा वाद आम्हाला आता निरर्थक वाटतो. ती करावीच लागेल. वाद घालण्याजोगा आणि वेळीच घालावयास हवा असा प्रश्न निराळा आहे. ही चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावरून निघून प्रयोगशाळेत जाणार आणि अहवाल होऊन परत येणार. मधल्या वाटेवर कोणाकोणाला उभे करावयाचे? आज्ञावली कोण करणार, नमुने कोण नेणार, तपासणार कोण, आणि या साऱ्यांची माहिती साठवून ठेवणार कोण? निविदेच्या भाषेत या मंडळींना आता 'भागीदार' म्हणतात. भागीदारी म्हटली की नफातोटा दोघांचा असावा असा व्यापारी संकेत आहे. सरकारी भागीदारीत नफा एकाकडे आणि तोटा रोग्याकडे, असे घडल्याची उदाहरणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

प्रयोगशाळेतील चूक म्हटली की यंत्र बिघडले असावे, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. इटलीतील पादोवा येथील एका इस्पितळात 40,490 चाचण्यांचा तीन महिने मागोवा घेण्यात आला आणि त्याचा निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाला. 189 चुका आढळल्या. त्यांपैकी 68.2 टक्के चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या आधीच्या होत्या, आणि प्रत्यक्ष तपासणीतील चुका अवघ्या 13.3 टक्के. उरलेल्या अहवाल परत जाताना घडलेल्या. म्हणजे दोष मुख्यतः वाटेवरचा असतो. नाव चुकले, नळी चुकली, रक्त कमी पडले, चिठ्ठी वाचता आली नाही. संगणकातून मागणी करण्याचा खरा लाभ येथे आहे. डॉक्टरने चाचणी निवडताच रोग्याच्या नावाची व पट्ट्यांच्या खुणेची चिठ्ठी छापली जाते, ती रोग्यासमोरच नळीला चिकटविली जाते, यंत्र ती खूण वाचते आणि अहवाल ज्याने मागितला त्याच्याच पुढे जाऊन उभा राहतो. मात्र 'रोग्यासमोरच' हा शब्द महत्त्वाचा. रक्त आधी घ्यावयाचे आणि संध्याकाळी दहा नळ्या ओळीने मांडून त्यांना चिठ्ठ्या डकवावयाच्या, ही रीत चालू राहिली तर जुनीच चूक सुवाच्य अक्षरांत छापली जाईल, एवढाच फरक पडेल.

गोव्यात नावाचा प्रश्न विशेष बिकट आहे, हे बाहेरून येणाऱ्या आज्ञावलीकारांना कोणी सांगणार की नाही? काणकोणच्या एकाच गावात गावकर आडनावाची किती घरे निघतील याचा हिशेब करावा. सासष्टीत फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज यांची तीच गत. त्यात आमच्या जुन्या माणसांची जन्मनोंद पोर्तुगीज काळातील, म्हणून नावात 'क'साठी रोमी 'सी'. मतदारयादीत तोच माणूस 'के'ने लिहिलेला. आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग. एकच कामत तीन जागी तीन माणसे होतो आणि तीन गावकर एका कागदावर एक होतात. नाव, वय आणि गाव एवढ्यावर रोगी ओळखणारी व्यवस्था येथे आठ दिवस टिकणार नाही. चौदा अंकी क्रमांक उपयोगी पडेल खरा. परंतु तो घेणे ऐच्छिक आहे, आणि ज्याने तो घेतलेला नाही त्याला खिडकीवरून परत पाठविण्याचा अधिकार कोणालाही नाही. भागीदार निवडताना आम्ही पहिली परीक्षा हीच घेऊ. त्याला राजधानीतील वातानुकूलित दालनात प्रात्यक्षिक करावयास सांगू नये. केपे किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रातील एका सोमवारची गर्दी त्याच्यापुढे ठेवावी आणि म्हणावे, आता दाखवा.

दुसरी परीक्षा भाषेची. येथे मराठी-कोकणीचा वाद आम्ही काढीत नाही, वाचकांनी निर्धास्त असावे. भाषा यंत्रांची आहे. एका प्रयोगशाळेचा संगणक रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये सांगतो, दुसऱ्याचा मिलिमोलमध्ये. पहिल्याचे 108 म्हणजे दुसऱ्याचे 6. हे दोन आकडे एकाच आलेखावर उमटले तर मधुमेही माणूस एका रात्रीत बरा झालेला दिसेल, किंवा मेलेला. म्हणून प्रत्येक चाचणीला जगाने मान्य केलेली खूण असावी या हेतूने अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील रीगेनस्ट्रीफ संस्थेत 1994 साली 'लॉइंक' नावाची संकेतप्रणाली सुरू झाली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2013 साली आरोग्यनोंदींची जी मानके जाहीर केली आणि 2016 साली जी सुधारली, त्यांतही तिचा अंतर्भाव आहे. मानके आहेत; निविदेत ती बहुधा 'शक्य तेथे' या दोन शब्दांच्या पदराआड जातात. जो पुरवठादार आपलीच खाजगी संकेतसूची वापरतो, त्याच्याकडून पाच वर्षांनी सुटका करून घेणे म्हणजे घरजावयाला घराबाहेर काढण्याइतके अवघड. कंत्राट संपेल त्या दिवशी सारी माहिती, मान्य मानकांत, विनामोबदला आणि ठराविक मुदतीत सरकारच्या स्वाधीन करीन, असे जो लिहून देणार नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याचे पाकीट उघडण्याचे कारण नाही.

आता प्रयोगशाळांकडे वळू. प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रत्येक चाचणी होणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 साली मोफत निदानसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली त्या वेळीच बाहेरच्या प्रयोगशाळांची मदत घेण्याची वाट मोकळी झाली. शेजारच्या महाराष्ट्रात 2017 पासून 'महालॅब' या नावाने एच.एल.एल. लाइफकेअर या केंद्र सरकारी उपक्रमाने सरकारी दवाखान्यांतील नमुने गोळा करून तपासण्याचे काम अंगावर घेतले. अशा व्यवस्थेत अनुभव असलेला भागीदार मिळत असेल तर त्याला केवळ बाहेरचा म्हणून नाकारावे, असे आमचे म्हणणे नाही. पण प्रमाणपत्र वाचावयास शिकले पाहिजे. प्रयोगशाळेच्या दारावर राष्ट्रीय मान्यता मंडळाचे, म्हणजे 'एनएबीएल'चे, बोधचिन्ह झळकते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. ही मान्यता चाचणीवार असते, हे कितीजणांना ठाऊक आहे? चाळीस चाचण्यांना मान्यता आणि चारशे चाचण्यांचे दरपत्रक, असे असू शकते. आज्ञावलीत डॉक्टरांपुढे जी यादी उघडेल तीत प्रत्येक चाचणीपुढे ती मान्यताप्राप्त आहे की नाही, हे दिसले पाहिजे.

अंतराचेही तसेच. रक्तातील पोटॅशियम ही साधी दिसणारी चाचणी. पण रक्त घेऊन नळी उन्हात तासन्‌तास डब्यात हिंदकळत राहिली, तांबड्या पेशी फुटल्या, की आकडा वाढलेला येतो, आणि धडधाकट माणसाला अतिदक्षता विभागात हलविण्याची पाळी येते. काणकोणचा नमुना करमलघाट चढून पुढे किती वेळात पोहोचेल, पावसाळ्यात किती वेळात, गाडी बंद पडली तर दुसरी कोणाची, याचे उत्तर दरपत्रकात नसते. ते करारात असले पाहिजे. आणि आकडा जिवाला धोका सांगणारा आला तर तो निमूटपणे संगणकात जाऊन बसता कामा नये. कोणी तरी दूरध्वनी उचलून डॉक्टरला सांगितले पाहिजे, आणि सांगितल्याची वेळ नोंदविली पाहिजे.

एवढे सारे तांत्रिक झाले. ज्याविषयी उघड बोलणे टाळले जाते त्या विषयाकडे आता येतो. डॉक्टरने रोगी पाठवावा आणि प्रयोगशाळेने त्याबद्दल डॉक्टरला वाटा द्यावा, या व्यवहाराला आपल्याकडे 'कट' असे सुटसुटीत नाव आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने तो स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला आहे. सरसकट सर्व डॉक्टरांना या माळेत ओवण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. रात्री-अपरात्री आडगावी धावून जाणारे डॉक्टर या भूमीने पाहिले आहेत. परंतु पाकिटातून जाणारा कट निदान पकडता येतो. संगणकातला कट पकडणार कोण? आज्ञावली प्रयोगशाळेनेच फुकट बसवून दिलेली असावी. यादी उघडताच त्याच प्रयोगशाळेचे नाव सर्वांत वर यावे. 'यकृताच्या चाचण्या' म्हणून एक कळ दाबताच सहा आवश्यक आणि चार अनावश्यक चाचण्यांची गड्डी आपोआप निवडली जावी. येथे कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, कोणी घेतले नाहीत, आणि बिल मात्र दीडपट झाले.

ही आमची कल्पनेची भरारी नव्हे. अमेरिकेत दवाखान्यांना आरोग्यनोंदीची आज्ञावली देणगीदाखल देण्यास कायद्याने जी सवलत होती, तिचा फायदा प्रयोगशाळा घेऊ लागल्या. डॉक्टरला आज्ञावली फुकट आणि त्याच्या सर्व चाचण्या आम्हाला, असा मूक सौदा. शेवटी 2013 साली तेथील सरकारने देणगीदारांच्या यादीतून प्रयोगशाळांना वगळले. 2015 साली व्हर्जिनियातील एका प्रयोगशाळा-कंपनीने, नमुना हाताळणीच्या शुल्काच्या नावाखाली डॉक्टरांना पैसे दिल्याच्या आरोपावरून, 4.7 कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले. त्या देशात तपासयंत्रणा दात असलेली आहे, तरी ही अवस्था. आपल्याकडे 'फुकट' हा शब्द निविदा समितीच्या कानांना किती गोड लागतो ते सर्वांना माहीत आहे. म्हणून आमचे मत निःसंदिग्ध आहे: जो चाचणी करून पैसे मिळवितो त्याच्या हाती मागणीची चिठ्ठी असता कामा नये. आज्ञावलीचा भागीदार वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, आणि दोघांच्या मालकीची मुळे शोधून पाहिल्याशिवाय दोघांनाही कंत्राट नको. मूळ मालक एकच निघण्याचे चमत्कार आपल्या राज्यात खाणींपासून जमिनींपर्यंत पुष्कळ पाहून झाले आहेत.

उलट, हीच आज्ञावली योग्य हाती असली तर डॉक्टरला विचार करावयास लावू शकते. इंडियानापोलिसच्याच संस्थेतील प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला आहे. चाचणी मागविताना तिची किंमत पडद्यावर दाखविली, एवढेच केले. चाचण्या सुमारे 14 टक्क्यांनी घटल्या. किंमत दाखविणे बंद केल्यावर काही महिन्यांत सारे पूर्ववत झाले. माणसाचा स्वभाव इंडियानापोलिसला आणि मडगावला सारखाच असावा. आमच्या सरकारी इस्पितळात रोग्याला चाचणीचे पैसे द्यावे लागत नसतील, पण ते कोणीच देत नाही असे नव्हे. 'ही चाचणी परवाच झाली आहे, अहवाल येथे पाहा' एवढे वाक्य पडद्यावर उमटले तरी सत्तरीच्या त्या म्हातारीची एक खेप वाचेल.

सारे एकाच भागीदाराच्या गळ्यात बांधण्याचा मोह प्रशासनाला होतो, कारण फाइल एक राहते. लंडनमध्ये काय झाले ते यासाठी पाहावे. शहराच्या आग्नेय भागातील मोठ्या इस्पितळांच्या रक्तचाचण्या 'सिनोव्हिस' नावाच्या एका भागीदारी संस्थेकडे होत्या. 3 जून 2024 रोजी तिच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि त्या एका दोरीला बांधलेली सर्व इस्पितळे एकदम लुळी पडली. 10,000 हून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि 1,700 हून अधिक नियोजित उपचार पुढे ढकलावे लागले. रक्तगट चटकन जुळवून पाहता येईना म्हणून कोणालाही चालणाऱ्या ओ-निगेटिव्ह रक्ताची टंचाई झाली. एका रोग्याच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या बाबींत रक्तचाचणीचा लांबलेला अहवाल ही एक बाब होती, हे जून 2025 मध्ये तेथील इस्पितळाने मान्य केले. आपल्या देशातील अनुभव त्याआधीचा आहे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरांवर असाच हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील कामकाज हाताने करावे लागले. दिल्लीला हाताने काम करता आले, कारण कागदावर काम केलेली माणसे तेथे अजून नोकरीत होती. दहा वर्षांनी ती नसतील. यास्तव महिन्यातून एक दिवस मुद्दाम संगणक बंद ठेवून कागदावर काम करण्याचा सराव व्हावा, आणि भागीदाराने त्यात सहभागी व्हावे. आषाढात आमच्याकडे वीज मंडळी असा सराव आगाऊ सूचना न देता करून घेतच असते, ही त्यातल्या त्यात सोय.

माहिती कोणाची, हाही प्रश्न येथेच निकालात काढावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संसदेने संमत केला. परंतु कायदा असला म्हणून करारात लिहावयाचे टळत नाही. गोव्यासारख्या लहान प्रदेशात, जेथे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हा रोग्याच्या वाड्यावरचाच असण्याचा संभव मोठा, तेथे एचआयव्हीचा किंवा गर्भधारणेचा अहवाल कोणी उघडून पाहिला याची नोंद राहणे हे मुंबईपेक्षा अधिक निकडीचे आहे. विमा कंपन्यांना आणि औषध कंपन्यांना ही माहिती, नावे काढून का होईना, विकण्याची मुभा भागीदाराला असता कामा नये.

आणखी एक गोष्ट. 1842 साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे आमचे वैद्यकीय महाविद्यालय हे केवळ गोमंतकीयांचे इस्पितळ नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले येथून आणि इकडे कारवारहून रोगी बांबोळीस येतात, ते पिढ्यान्‌पिढ्या. 2018 च्या जानेवारीपासून परराज्यातील रोग्यांना शुल्क लागू झाले. त्या निर्णयाचा वाद येथे उकरून काढीत नाही, पण रोगाला सीमा कळत नाही एवढे तरी ध्यानात ठेवावे. 2015 साली सत्तरीतील पाली गावात माकडतापाने थैमान घातले. पुढच्या वर्षी तोच ताप दोडामार्ग तालुक्यात. एकच डोंगर, एकच गोचीड, दोन राज्यांची दोन दप्तरे. त्या वेळी नमुने मणिपालला जात आणि अहवालाची वाट पाहत घरची माणसे खोळंबून राहत. 2020 च्या मार्चअखेर बांबोळीत सोय होईपर्यंत करोनाचे नमुनेही पुण्याला धाडावे लागले होते. म्हणून भागीदारांच्या यादीत मणिपाल, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि सिंधुदुर्गाची सरकारी इस्पितळे यांच्याशी संगणकीय दुवा जोडण्याची अट सुरुवातीसच असावी. नफा मिळविणाऱ्या भागीदाराला त्यात काही मिळणार नाही, म्हणूनच ती अट सरकारने घालावयाची.

कामाचा आरंभ बांबोळीपासून करण्याची घाई होईल, कारण उद्घाटनाला तेथे मंडप चांगला पडतो. आमची सूचना उलट आहे. वाळपईचे आरोग्य केंद्र आणि काणकोणचे आरोग्य केंद्र ही दोन निवडावीत. पावसाळ्याचे चार महिने धरून एक वर्ष काम करावे. मागणी केल्यापासून अहवाल डॉक्टरच्या हाती पडेपर्यंत लागलेला वेळ, नाकारलेले नमुने, पुन्हा कराव्या लागलेल्या चाचण्या आणि रोग्याच्या खेपा, असे चार आकडे दर महिन्यास आरोग्य सेवा संचालनालयाने केंद्राच्या फलकावर लावावेत. परिचारिका आणि तंत्रज्ञ यांना निवड समितीत स्थान असावे, कारण नळीला चिठ्ठी डकविणारे हात त्यांचे आहेत. आणि निविदेचा मसुदा, ती निघण्याच्या निदान एक महिना आधी, मराठी आणि कोकणीतून लोकांपुढे ठेवावा. त्यात कंत्राट संपल्यानंतरच्या पहिल्या दिवशी काय होईल, याचे एक पान असलेच पाहिजे.